खालचा डावा कोपरा

रुंजी नुकतीच झोपली होती. भर दुपार. घरात इतकं सामसूम होतं की तिच्या नाकातली बारीकशी शिट्टीसुद्धा मला ऐकू येत होती. आणि नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात मिक्सरच्या भांड्याचं झाकण पडलं. एकदाच आपटून गप्प बसलं असतं तर चाललं असतं, पण ते कडेवर उभं राहून फरशीवर गरगर फिरत राहिलं. आवाज बारीक बारीक होत गेला, आणि झाकण आडवं झालं तेव्हा रुंजीचे डोळे टक्क उघडे होते.

"नाही बसत मेलं," सासूबाई आतून म्हणाल्या. "नव्या मिक्सरवर जुनं भांडं बसतच नाही. खाचाच बदलून ठेवल्यात. भांडं धडधाकट आहे गं, आता काय त्यात तुळस लावू?"

"आई, हळू ना."

"मी काय केलं? तुझ्यासारख्याच कुणातरी शिकलेल्यांनी केलंय हे."

मी रुंजीला खांद्यावर टाकलं. तिच्या मानेला त्या दिवसांत दूध आणि पावडर यांचा मिळून एक वास यायचा, तो घेत घेत मी खोलीत फेऱ्या मारत होते. माझ्या रजेचा तो शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून ऑफिस. तेवढ्यात फोन थरथरला. नंबर ओळखीचा वाटला म्हणून उचलला.

"मॅडम, मी मिरजेहून वनिता मगदूम बोलतोय. ओळखलं का?"

न ओळखायला काय झालं! कंपनीत लागल्यावर सुरुवातीला मी ग्राहकांचे फोन घ्यायचे, तेव्हापासूनच्या त्या ओळखीच्या. मिरजेत त्या एक लहानशी शाळा चालवायच्या. सगळं समजणाऱ्या, पण ज्यांची जीभ आणि हातपाय ताब्यात नाहीत अशा मुलांची शाळा. कुणी "मुक्यांची शाळा" म्हटलं की त्या खवळायच्या. "मुकी न्हाईत ओ आमची पोरं. तोंडानं बोलत न्हाईत, एवढंच."

मुलं बोलायची ती बोलपाटीवर. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर चित्रांचे चौकोन, आणि चौकोनाला हात लावला की आवाज यायचा. भूक लागली. खिडकी उघडा. हा मला मारतोय. ती पाटी एका कॉलेजच्या मुलाने आमच्या कंपनीच्या, प्रोग्रॅम बनवायच्या साधनावर बनवून दिली होती. मुलगा नंतर परदेशी गेला आणि त्याचा पत्ता राहिला नाही. पण पाटी बोलत होती, म्हणून कुणाला त्याची आठवणही यायची नाही.

"पाटी बंद पडलीय बघा," वनिताताई म्हणाल्या. "काल पोरांना एक व्हिडिओ दाखवायचा म्हणून इंटरनेट जोडलं. आज सकाळपास्नं हे असं."

"काय दिसतंय पडद्यावर?"

"सूर्य दिसतोय. मावळायलाय. खाली समुद्र. आन् लिहिलंय, 'या आवृत्तीचा काळ संपला. चला, पुढे जाऊ या!' पुढं कुठं जायचं ओ? पोरं नुसती सूर्याकडं बघत बसल्यात."

रुंजीने माझा कान धरून ओढला. मला कळलंच नाही. तो सूर्य मी पाहिला होता. आदल्याच आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर त्याचे फोटो आले होते.

आमच्या कंपनीच्या त्या साधनाचं नाव 'मांडणी'. सुताराला जसा रंधा, तशी प्रोग्रॅम बनवणाऱ्याला मांडणी. गावोगावची पोरं ती घेऊन दूध डेऱ्यांचे, वाचनालयांचे, मंगल कार्यालयांचे प्रोग्रॅम बनवायची. कंपनी उभी केली करमरकर सरांनी. त्यांचा एकच हट्ट होता, काल जे उघडत होतं ते आज उघडलंच पाहिजे. मांडणीची नवी आवृत्ती बाहेर पाठवायच्या दिवशी आमच्याकडे एक रिवाज होता. सरांनी मांडणीवर केलेला सगळ्यात पहिला प्रोग्रॅम, त्यांच्या मेव्हण्याच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचा, सगळ्यांसमोर चालवायचा आणि त्यातून एक पावती काढायची. एक कोट, दोन शालू. दुकान केव्हाच बंद झालं होतं, मेव्हणाही गेला होता. पण पावती निघाली की सर पेढे वाटायचे, आणि मगच नवी आवृत्ती दाराबाहेर पडायची.

मग सर मुलीकडे कायमचे निघून गेले, कंपनी विकली गेली, आणि नव्या मालकांनी निनाद चौबळला आणून आमच्या डोक्यावर बसवलं.

निनादच्या मते जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या होत्या. एक नवीन, दुसरी लेगसी. 'लेगसी' हा शब्द तो अशा सुरात म्हणायचा, ज्या सुरात आमच्या सोसायटीतले लोक 'भाडेकरू' म्हणतात. त्याला कुणी सर म्हटलेलं खपायचं नाही. अरे-तुरे करा, आपण सगळे एक फॅमिली आहोत, असं तो सांगायचा, आणि त्याच सुरात माणसांना काढूनही टाकायचा. पावतीचा रिवाज त्याने पहिल्याच महिन्यात बंद केला. "सो इमोशनल!" म्हणाला.

त्याने आणलेली नवी मांडणी जुन्या मांडणीची एकही फाइल उघडत नव्हती. जमत नव्हतं म्हणून नव्हे. जमत होतं, रजेवर जाण्यापूर्वी ते जमवून देणारा भाग मीच लिहिला होता. निनादने तो काढायला लावला. जुन्यावर सुखाने बसलेले लोक उठावेत म्हणून जुनी मांडणी ठरल्या दिवशी बंदच व्हावी, अशीही सोय त्याने करून घेतली. या बंद करण्याला तो 'सनसेट' म्हणायचा. त्या शुक्रवारी ऑफिसात सनसेट पार्टी झाली. केशरी पडदे, केशरी फुगे, केशरी केक, आणि मधोमध जुन्या मांडणीच्या खोक्याला घातलेला हार. फोटोत सगळे हसत होते.

फक्त हे बंद करणारं कुलूप चुकीच्या जागी बसलं होतं. मांडणीवर बनवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमसोबत मांडणीचा एक छोटा तुकडा जातो, त्याशिवाय तो प्रोग्रॅम चालत नाही. इंटरनेट मिळालं की हा तुकडा आपोआप नवा होतो. निनादच्या माणसांनी कुलूप घातलं ते या तुकड्यात. ड्रायक्लीनिंगची ती पावती एकदा काढून बघितली असती, तरी कोट-शालूंच्या जागी मावळता सूर्य दिसला असता.

"वनिताताई, मी उद्या ऑफिसात जातेय. करते काहीतरी."

"करा बाई. तंजिला सकाळपास्नं जेवली न्हाई. तिला काय पायजे तेच कळंना."

---

दुसऱ्या दिवशी रुंजीला सासूबाईंकडे ठेवून मी बाणेरला ऑफिसात पोचले तेव्हा केशरी फुगे अजून छताला होते, अर्धवट हवा गेलेले. निनाद काचेच्या खोलीत एका भल्यामोठ्या चेंडूवर बसला होता. खुर्चीने पाठ बिघडते म्हणे.

"वेलकम बॅक, मॉमी!" तो म्हणाला.

"निनाद, कुलूप चुकीच्या जागी लागलंय."

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, चेंडूवर जरासा हलला. मग मी म्हटलं, "सुताराचा जुना रंधा बोथट करायचा होता ना तुला? तू त्याने आजवर बनवलेली सगळी कपाटं बंद केलीस. लोकांच्या घरातली. आत कपडे आहेत त्यांचे."

"सगळी?"

"ज्यांना इंटरनेट मिळेल ती, एकेक करून."

मला वाटलं, आता याचा चेहरा उतरेल. माणसाचा उतरला असता.

"म्हणजे फोन येणार," निनाद म्हणाला.

"यायला लागलेत. बाहेर विचार."

"ग्रेट!" त्याने चेंडूवर एक उडी घेतली. "अगं, आपण नुसता प्रोग्रॅमर हलवायचा प्रयत्न करत होतो. आता त्याचा कस्टमरच त्याला हलवणार. दूधवाला जाऊन त्याच्या बोकांडी बसणार, नवीन दे म्हणून. हे आपल्याला सुचलं कसं नाही?"

"एक ओळ काढायची आहे, निनाद. दुपारपर्यंत काढून देते."

"आणि मग? अजून वर्षानुवर्षं जुन्यावर बसून राहतील. चालतंय ते कोण बदलतं, आश्लेषा? लोकांना ढकलावं लागतं. प्रेमाने."

मी त्याला वनिताताईंच्या शाळेचं सांगितलं. पाटीचं सांगितलं. मुलांचं सांगताना माझा आवाज जरा चढला असेल, कारण त्याने हात वर करून मला थांबवलं आणि डोळे मिटले. विचार करताना तो असेच डोळे मिटायचा, आणि समोरच्याने तोवर श्वास रोखून धरावा अशी त्याची अपेक्षा असायची.

"स्पेशल मुलं," तो म्हणाला. "जुना डबा कॉम्प्युटर. तिथे आपण नवा टॅब्लेट घेऊन जातो. नव्या मांडणीवर बनवलेली नवी पाटी, फुकट. मुलगी हात लावते, मुलगी बोलते. व्हिडिओ! आश्लेषा, यू आर अ जीनियस."

"त्यांना नवं नकोय. त्यांचं जुनं बंद पाडलंय, ते सुरू करून हवंय."

"नवं बघितल्यावर हवं होईल. मी स्वतः येतो."

"ये," मी म्हटलं. माझ्या नवऱ्याच्या, सुहृदच्या कंपनीत तेव्हा माणसं कमी करणं चालू होतं आणि घर माझ्या नोकरीकडे डोळे लावून बसलं होतं. शिवाय निनाद आला काय, न आला काय, मला मिरजेला जायचं होतंच. निघताना मी माझ्या लॅपटॉपमध्ये तो तुकडा घेतला, कुलूप घालण्यापूर्वीचा. तो पुसून टाकायचं या हुशार मंडळींच्या अजून डोक्यात आलं नव्हतं.

---

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो तरी परतायला रात्र होणार होती आणि रुंजी अंगावर पीत होती, त्यामुळे तिला सोबत घेण्यावाचून इलाज नव्हता. गाडीत निनाद पुढे, आम्ही दोघी मागे. कराडपर्यंत तो फोनवर कुणाला तरी 'इम्पॅक्ट' समजावून सांगत होता. रुंजीला टॅब्लेटच्या खोक्याची लाल फीत आवडली. ती चोखून चोखून तिने पार ओली केली. मी अडवलं नाही.

"ही तिथे रडणार नाही ना?" निनादने मान वळवून विचारलं. "व्हिडिओला आवाज येईल."

"लहान आहे ती, निनाद. तिला लेगसी कळत नाही."

तो हसला. त्याला ते कौतुक वाटलं.

शाळा तंतुवाद्यांच्या दुकानांवर, पहिल्या मजल्यावर होती. खाली कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून लावत होतं, आणि तो आवाज जिन्यातून वर येत होता. वनिताताई दारातच उभ्या होत्या, पदर खोचलेला. मला बघून हसल्या, रुंजीच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली, आणि निनादकडे बघून म्हणाल्या, "हे इंजिनीअर का?"

"हे साहेब."

"मंजे दुरुस्तीला कोण आलंय?"

आत सात-आठ मुलं होती, बहुतेक चाकांच्या खुर्च्यांत. भिंतीकडे टेबलावर तो जुना कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पडद्यावर सूर्य. तिसरा दिवस होता त्याचा, तरी अजून मावळत होता. टेबलासमोर लाल रिबिनींच्या दोन घट्ट वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती. मान एका बाजूला कललेली, उजवा हात छातीशी दुमडलेला, डावी मूठ खुर्चीच्या फळीवर.

"ही तंजिला. तंजिला मुजावर. लई बोलती. आता सोडा, पण एरवी कुणाला बोलू देत न्हाई."

तंजिलाने डोळ्यांनीच हसल्यासारखं केलं. मग तिला रुंजी दिसली आणि ती खरंच हसली, सगळ्या अंगाने, खुर्ची हलेपर्यंत.

निनादने टॅब्लेट काढला, तिच्या फळीवर ठेवला, आणि फोनचा कॅमेरा सुरू केला. "ताई, दोन मिनिटं मध्ये कुणी बोलू नका. नॅचरल यायला पाहिजे."

टॅब्लेट उजळला. सुबक चौकोन, गुळगुळीत चित्रं, फुलपाखरं. "नमस्कार! मी आपली नवी सखी," असं एक बाई म्हणाली. विमानतळावर बोलते तसली बाई. "कृपया आपल्या आवडीचे चित्र निवडा."

तंजिलाने त्या चित्रांकडे बघितलं. तिचे डोळे इकडून तिकडे फिरले, मग पुन्हा. मग तिची डावी मूठ थरथरत उचलली गेली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर पडली.

"मला गाणे ऐकायला आवडते!" बाई म्हणाली, आणि घुंगरांचं एक गाणं सुरू झालं.

"वा!" निनादने टाळ्या वाजवल्या. "बघितलंत? पहिल्याच फटक्यात!"

तंजिलाने मूठ उचलली आणि पुन्हा तिथेच टेकवली. "मला गाणे ऐकायला आवडते!" पुन्हा. पुन्हा. घुंगरं. तिने वनिताताईंकडे बघितलं.

"ओ साहेब, थांबा," वनिताताई पुढे आल्या. "तिला—"

"प्लीज, ताई! आवाज येतोय. गाणं आवडलंय तिला, ऐकू दे ना."

मूठ पुन्हा पडली, या वेळी जोरात. तंजिलाच्या घशातून एक आवाज निघाला, रुंजी रडण्याआधी काढते तसा, पण खूप मोठ्या मुलीचा. बाई परत म्हणाली की मला गाणे ऐकायला आवडते. निनाद वाकून जवळून चित्रीकरण करू लागला. आणि मग खुर्चीखाली थेंब पडायला लागले. मग धार. फरशीवरून ते पाणी निनादच्या पांढऱ्या बुटांपर्यंत आलं.

तंजिला रडली नाही. तिने फक्त डोळे मिटून घेतले. गाणं चालूच होतं.

निनादने आधी एक पाय उचलला, मग दुसरा. "ओके, ओके. हे कट करू या. परत घेऊ," तो म्हणाला, आणि आजूबाजूला बघत विचारलं, "दुसरं कुणी आहे का?"

वनिताताईंनी टॅब्लेट पालथा घातला. गाणं पालथं झालं, तरी वाजत राहिलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तिच्या पाटीवर त्या कोपऱ्यात बादली हाय. निळी बादली. संडास-लघवीची. तिचा हात सगळ्यात लवकर तिथंच पोचतो, म्हणून निकडीचं तिथं ठेवलंय. तो हात बसायला चार वर्सं लागल्यात. तुमी तिथं गाणं ठेवलंय."

"नवीन शिकेल ना. मुलं पटकन शिकतात."

"शिकंल की. परत चार वर्सं. मग तुमी परत सूर्य मावळवा."

त्या तंजिलाची खुर्ची ढकलत आतल्या खोलीत गेल्या. मी रुंजीला मुलांच्या सतरंजीवर सोडलं. एका मुलाने आपला पाय तिच्यासाठी खेळण्यासारखा पुढे केला आणि ती त्याला धरून बसली. मी टेबलाशी गेले, लॅपटॉप उघडला आणि कुलपाआधीचा तुकडा त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये उतरवायला लागले. आधी इंटरनेटची तार उपटली.

"काय करतेयस?" निनाद कागदाने बूट पुसत होता.

"दुरुस्ती. ती करणारा कुणी आलाय का असं विचारत होत्या ताई."

"ती जुनी फाइल तू कुणाला देऊ शकत नाहीस. पॉलिसी आहे. तू आत्ताच रजेवरून आलीयेस, आश्लेषा. जरा विचार कर."

"मग लिहून दे मला. या मुलांना गप्प ठेवायचं आपल्या कंपनीने ठरवलंय, एवढंच लिही. मी थांबते."

त्याने लिहून दिलं नाही. तसल्या गोष्टी तो फक्त तोंडाने बोलायचा.

तंजिलाला घेऊन वनिताताई बाहेर आल्या. तिच्या अंगात आता शाळेचा एक सैल, फिका फ्रॉक होता. त्या खुर्ची माझ्या बाजूला लावत होत्या तेव्हा निनाद म्हणाला, "ताई, समजून घ्या. तो प्रोग्रॅम ज्यावर चालतो ती कंपनीची मालमत्ता आहे."

"चित्रं मी काढलीत," वनिताताई म्हणाल्या. "आवाज तिच्या बहिणीचा हाय. नाझनीननं इथंच बसून भरलाय, एकेक शब्द. तुमचं त्यात काय हाय ओ?"

"तो आवाज ज्यातून येतो, ते आमचं आहे."

खाली तार लावणाऱ्याचा हात थांबला होता. खोलीत नुसता कॉम्प्युटरच्या पंख्याचा खडखड आवाज येत होता. निनादनेही तो ऐकला, आणि त्याला एकदम बरं वाटलं.

"ठीक आहे," तो उदारपणे म्हणाला. "आपण माणसंच आहोत. एक्सेप्शन करू. या एका मशीनपुरतं. पण दुसऱ्या कुठल्याही मशीनवर हे घालायचं नाही. हे गेलं, की विषय संपला. आणि हे काय, वर्षभराचा सोबती आहे, आवाज ऐकतेस ना? मग येतीलच आपल्याकडे."

हे सगळं तो माझ्याकडे बघून बोलला, तंजिलाच्या डोक्यावरून. पेशंटच्या उशाशी नातेवाईक बोलतात तसं. ती चार बोटांच्या अंतरावर बसली होती, आणि तिला सगळं समजत होतं हे त्याला एकदा सोडून दोनदा सांगितलेलं होतं.

मग तो फोन करायला खाली गाडीत निघून गेला. जाताना टॅब्लेट मात्र विसरला नाही.

मी प्रोग्रॅम सुरू केला. सूर्य गेला. त्या जागी वनिताताईंनी रंगीत खडूंनी काढलेले चौकोन आले, थोडे वेडेवाकडे. घोड्यासारखं दिसणारं मांजर. कढई की पोळी हे न कळणारं काहीतरी. आणि खाली डाव्या कोपऱ्यात निळी बादली.

तंजिलाची मूठ झेप घेतल्यासारखी तिथे गेली.

"बाथरूम! बिगी बिगी!" दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीचा आवाज आला, खास मिरजेचा, शेवटी फिसकन हसू फुटलेला. सतरंजीवरची मुलं खिदळली.

"अगं, आता कशाला?" वनिताताई म्हणाल्या. "झालं की तुझं!"

पण तंजिला मूठ उचलून पुन्हा आपटत होती. बाथरूम, बिगी बिगी. बाथरूम, बिगी बिगी. प्रत्येक वेळी ती आमच्याकडे बघायची, ऐकलंत ना, अशा तोऱ्यात. मग तिने "भूक" म्हटलं, वनिताताईंनी कालवलेला भात आणला, आणि चार घास खाल्ल्यावर तिने "बास" म्हटलं. रुंजी रांगत येऊन तिच्या खुर्चीच्या चाकाला धरून उभी राहिली. तंजिलाने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "बाळ," पाटी म्हणाली. मग, "लई गोड." रुंजीने आवाज कुठून आला ते शोधलं आणि पडद्याकडे बघून टाळी वाजवली.

मी लॅपटॉप मिटला. पिशवी आवरली. निघायला हवं होतं, खालून हॉर्न वाजत होता.

"थांबा," वनिताताई म्हणाल्या. "ती काहीतरी बोलायलीय."

तंजिलाने खडखडणाऱ्या त्या खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मूठ उचलली गेली, पण या वेळी कोपऱ्याकडे नाही. वर. फळीवरून घसरत, मधेच अडत, खांदा पुढे काढत ती एका चौकोनापर्यंत पोचली.

"मी," नाझनीनचा आवाज म्हणाला.

हॉर्न पुन्हा वाजला. कुणी हललं नाही. तंजिलाच्या कपाळावर घाम आला होता. मूठ आणखी वर सरकली, चुकली, चिमणीच्या चौकोनावर पडली, पाटी "चिमणी" म्हणाली. तंजिलाने रागाने मान हलवली आणि परत नेम धरला.

"मोठी."

मग तोंडाचं चित्र होतं तो चौकोन. "बोलणार."

"मोठी झाल्यावर मी बोलणार," मी म्हटलं. "हो गं राणी, बोलणार की—"

वनिताताईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. "संपलं न्हाई अजून. प्रश्न हाय तिचा. प्रश्नाचा चौकोन तिकडं वर हाय, पार उजवीकडं. सगळ्यात लांब. तिथं ती उगीच जात न्हाई."

आम्ही थांबलो. मूठ त्या सगळ्या पडद्यावरून तिरपी जायला निघाली, घोड्यासारख्या मांजरावरून, चिमणीवरून, कढईवरून. कुठे न टेकता जायचं तर हात हवेत धरावा लागतो, आणि तो तिला धरवत नव्हता. तिने धरला. पंखा खडखडत होता. मूठ वरच्या उजव्या कोपऱ्यावर पडली, तिथेच राहिली, आणि तंजिलाने मान वळवून थेट माझ्या डोळ्यांत बघितलं.

"सांग की?" पाटी म्हणाली.